जपान बघायला बुलेट ट्रेनचा पास लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत जपानवर आलेला लेख वाचला. लेखिकेने हौसेने लिहिलंय, फोटोही झकास आहेत. पण आधी एक दुरुस्ती. ‘कामाकुराचा महाबुद्ध’ म्हणून जो फोटो छापलाय तो नाराचा आहे. खूण सोपी आहे. नाराच्या बुद्धाच्या डोक्यावर छप्पर आहे, कामाकुराचा उघड्यावर बसलाय. दोन्ही गावांत साडेतीनशे-चारशे किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे ही चूक पंढरपूरच्या जागी तिरुपती छापण्यासारखी झाली.

माझी खरी तक्रार मात्र लेखातल्या सल्ल्याबद्दल आहे. लेखिका म्हणतात, बुलेट ट्रेनचा सात दिवसांचा पास आधी काढून ठेवावा; आणि पुढे म्हणतात, ज्येष्ठांना तिथल्या रेल्वेचा गुंता झेपत नाही, त्यांनी सहल कंपनीबरोबर बसने गेलेलं बरं. दोन्ही मला मान्य नाही. माझं वय सदुसष्ट. मंडळींचे गुडघे दुखरे. जपानी म्हणाल तर ‘आरिगातो’च्या पुढे गाडी जात नाही. तरी दिवाळी आटोपल्यावर लेकीकडे टोकियोला गेलो आणि सकाळी निघून संध्याकाळी घरी, असं साध्या लोकलने भरपूर हिंडलो. माझी सगळी नोकरी एसटीत गेली, अखेरची वर्षं कोकणातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रक दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही, एवढीच काय ती माझी जादा पात्रता.

आधी पासाचा हिशेब करू. परदेशी पर्यटकांसाठीचा जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनला मिळायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. येन साठ पैशांच्या आतबाहेर धरला तरी माणशी तीस हजार रुपयांच्या घरात जातो. उलट टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं आरक्षित तिकीट १४,००० येनच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. उरलेले बावीस हजार येन लोकलमध्ये उडवायचे म्हटलं तर सकाळ-संध्याकाळ गाडीतच बसावं लागेल, देवळं बघायची कधी? त्यात सगळ्यात जलद ‘नोझोमी’ गाडीला पासावर वेगळे पैसे पडतात आणि खासगी रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांना तो चालतच नाही. निक्कोची तोबू, नाराची किन्तेत्सु, कामाकुराची एनोदेन या सगळ्या खासगी. किंमत वाढायच्या आधी हा सल्ला बरोबर होता. लोक अजून तोच एकमेकांना देत बसलेत.

आम्ही काय केलं ते सांगतो. विमानाचं तिकीट जाताना टोकियोचं काढलं आणि परतताना ओसाकाचं. त्यामुळे बुलेट ट्रेन एकदाच, एकाच बाजूने. टोकियोत मुक्काम लेकीकडे निशी-कासाईला. तिथे आपली इतकी कुटुंबं आहेत की संध्याकाळी बागेत दोन-चार मराठी हाका हमखास कानावर येतात. नंतर क्योटो स्टेशनजवळ एका छोट्या हॉटेलात मुक्काम हलवला. मोठ्या बॅगा जावयांनी आदल्या दिवशी तिथल्या कुरिअरने हॉटेलवर पाठवून दिल्या. आम्ही हात हलवत गेलो. बॅग जागेवरून हलवायची नाही आणि एका दिवसात एकच गाव, हे दोन नियम पाळले की निम्मा त्रास तिथेच संपतो. पैशांचं कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. भाडं आपोआप कापलं जातं. तिकीट यंत्रापुढे चष्मा शोधत बसावं लागत नाही.

आता कामाकुरा. टोकियो स्टेशनच्या पोटात खोल उतरून योकोसुका लाइनची गाडी पकडायची. तासाच्या आत पोचता येतं, भाडं हजार येनच्या आसपास. कंपनीच्या बसने जाणारे थेट महाबुद्धाच्या वाहनतळावर उतरतात. रेल्वेवाल्याने मात्र कामाकुराच्या आधीच्या किता-कामाकुरा या चिमुकल्या स्टेशनावर उतरावं. तिथे एन्गाकुजी नावाचं झेन मंदिर आहे. मंगोलांनी १२७४ आणि १२८१मध्ये जपानवर दोन स्वाऱ्या केल्या, त्या परतवल्यावर होजो तोकिमुने या राज्यकर्त्याने १२८२मध्ये ते बांधलं. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी, फक्त आपल्यांसाठी नव्हे. आणि गंमत म्हणजे १८८९मध्ये रेल्वे आली ती थेट मंदिराच्या आवारातूनच. आजही मंदिराचं तळं रुळांच्या एका बाजूला आणि पायऱ्या दुसऱ्या बाजूला आहेत. फाटकाची घंटा वाजायला लागली की भाविक थांबतात, गाडी जाते, मग पायऱ्या चढतात. मी तिथे उभा राहून चार गाड्या जाऊ दिल्या. मंडळी म्हणाल्या, ‘देव बघायला आलोय की गाड्या?’

पुढे कामाकुराहून एनोदेन. दहा किलोमीटरचा एकेरी मार्ग, गाडी घरांच्या परसांना खेटून जाते. कुणाच्या वाळत घातलेल्या गोधडीला हात लागेल की काय असं वाटतं. मी मुद्दाम चालकाच्या मागच्या काचेशी उभा राहिलो. त्याच्या पुढ्यात खिशातल्या घड्याळासाठी एक खाच, त्यात घड्याळ बसवलेलं. शेजारी त्या फेरीचं वेळापत्रक. स्टेशन आलं की पांढऱ्या हातमोज्याचं बोट त्या ओळीवर फिरायचं, मग घड्याळावर, मग समोरच्या सिग्नलकडे. आणि प्रत्येक वेळी चालक ते मोठ्याने उच्चारायचा. ऐकायला कुणी नाही, एकटाच. हात, डोळे आणि तोंड तिन्ही एका कामाला लावले की चूक होत नाही, म्हणून तिथे रेल्वेत सगळ्यांना हे शिकवतात. माझी नोकरी संपायच्या आधी हे पाहायला मिळालं असतं तर निदान मी तरी केबिनमध्ये बोट दाखवायला लागलो असतो. लोक हसले असते ते सोडा.

तिसऱ्या थांब्यावर, हासेला उतरलं की दहा मिनिटांत महाबुद्ध. कांस्याचा, सव्वाअकरा मीटर उंच, वजन १२१ टन. ओतायला सुरुवात १२५२मध्ये झाली. त्याच्यावरही एके काळी मंदिर होतं, पण पंधराव्या शतकापासून तो उन्हापावसात आहे. पाठीला दोन झडपा आहेत. पन्नास येन दिले की पोटात शिरता येतं. आत उभं राहिल्यावर ही मूर्ती थराथराने कशी ओतली, एकेका थराचा सांधा दुसऱ्याशी कसा अडकवला, ते भिंतीवर स्पष्ट दिसतं. मान आतून मजबूत केलेली दिसते. १९६०-६१च्या दुरुस्तीत ती केली आणि मूर्ती भूकंपात चौथऱ्यावर जराशी सरकू शकेल अशी सोयही केली. आमच्या मागोमाग एका बसची मंडळी आली. झेंडा धरलेली मुलगी पुढे, फोटो झाले, पंधरा मिनिटांत मंडळी गेलीसुद्धा. पोटात कुणी शिरलं नाही.

तिथेच आवारात एक दगड आहे, तो त्यांनाच काय, बहुतेकांना दिसत नाही. श्रीलंकेचे नेते जयवर्धने यांच्या स्मरणार्थ तो उभारलाय. १९५१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी तहाची परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपल्या देशातर्फे युद्धाची भरपाई मागायला नकार दिला आणि धम्मपदातलं वचन ऐकवलं : वैराने वैर शमत नाही, ते अवैरानेच शमतं. आपल्याकडे कितीतरी बौद्ध घरांत वंदनेनंतर धम्मपद वाचलं जातं. त्यांच्यापैकी कुणी कामाकुराला गेलं आणि हा दगड न पाहता परत आलं, तर मला हळहळ वाटेल.

निक्कोबद्दल थोडक्यात. टोकियोतल्या आसाकुसाहून तोबू रेल्वेच्या जलद गाडीने दोन तासांच्या आत. १६१७मध्ये तोकुगावा इएयासू या शोगुनाला, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याला, तिथे देव म्हणून बसवलं, आणि नातू इएमित्सूने १६३४ ते १६३६मध्ये सगळं नव्याने, सोन्यारंगात बांधून काढलं. काम पुरं झालं तेव्हा आपले शिवराय सहा वर्षांचे होते. लाकडात कोरलेली तीन माकडं आणि झोपलेलं मांजर सगळेच बघतात. तुम्ही योमेइमोन दरवाजाचे खांब बघा. त्यातल्या एका खांबावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरलीय, दृष्ट लागू नये म्हणून. मंडळींना ते दाखवल्याबरोबर त्यांनी कोपरापासून हात जोडले. इएयासूच्या समाधीपर्यंत २०७ दगडी पायऱ्या आहेत, मी वर जाऊन आलो, त्या खाली बसून राहिल्या. गुडघेवाल्यांनी खुशाल तेच करावं, पाहण्यासारखं बहुतेक खालीच आहे. मात्र नोव्हेंबर ते मार्च हे देवस्थान चारला बंद होतं आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. आपल्या लेखात ‘दुपारी निवांत निक्को’ असं लिहिलंय. त्या भरवशावर थंडीत कुणी गेलं तर कुलूप बघून परत येईल.

आता नारा. क्योटोहून किन्तेत्सुची गाडी घ्यावी, पाऊण तास लागतो. जेआरनेही जाता येतं, पण किन्तेत्सुचं नारा स्टेशन हरणांच्या बागेला बरंच जवळ पडतं. जेआरचं एक किलोमीटर अलीकडे आहे, आणि हा किलोमीटर परतताना फार जाणवतो. ही साधी गोष्ट लेखात असायला हवी होती. आमचे साडू एका सहल कंपनीबरोबर गेले होते. त्यांना नारात एकूण चाळीस मिनिटं मिळाली. त्यातली निम्मी हरणांना बिस्किटं घालण्यात गेली आणि उरलेली स्वच्छतागृहाच्या रांगेत. साडूंना आजही नारा म्हटलं की हरीणच आठवतं.

नारातल्या तोदाइजी मंदिराचा बुद्ध सुमारे पंधरा मीटरचा आहे. इसवी सन ७५२मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला, म्हणजे आपण प्राणप्रतिष्ठा म्हणतो तसा. बुबुळं रंगवण्याचा मान मिळाला तो बोधिसेन नावाच्या भिक्षूला. हा आपला माणूस, भारतातून चीनमार्गे ७३६मध्ये जपानला पोचलेला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या धरून जमलेल्या लोकांनीही पुण्यात वाटा घेतला. तो कुंचला आणि ती निळी दोरी तिथल्या शोसोइन या खजिन्यात अजून जपून ठेवलीय. साडेबाराशेहून जास्त वर्षं! आम्ही बुद्धासमोर उभे होतो तेव्हा लेकीने हे फोनवर वाचून दाखवलं. भारतातून येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये ही गोष्ट आधी सांगायला हवी. साडूंच्या बसमध्ये कुणी सांगितली नव्हती. मंदिराची सध्याची इमारत १७०९ची आहे आणि मूळच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशच आहे. तरी मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

होर्यूजीसाठी वेगळा दिवस ठेवा. नारा-होर्यूजी एका दिवसात उरकता येतं असं पुस्तकं म्हणतात, उरकायचंच असेल तर येतं. जेआरच्या नारा स्टेशनावरून यामातोजी लाइनने बारा मिनिटं, मग वीस मिनिटं चालत नाहीतर बसने. राजपुत्र शोतोकूच्या काळात, ६०७मध्ये हे मंदिर स्थापन झालं. ६७०मध्ये जळालं, पुन्हा उभं राहिलं. आज उभे असलेले त्याचे पॅगोडा आणि मुख्य मंदिर या जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात. मी लाकडाच्या खांबाला हात लावून पाहिला. मधोमध जरासा फुगीर, वरखाली निमुळता. मंदिरातल्या भिंतींवर सातव्या शतकाच्या शेवटाची चित्रं होती, आणि जाणकार ती अजिंठ्याशी ताडून पाहतात. त्यातल्या एका बोधिसत्त्वाची मान आणि डोळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची आठवण करून देतात. अराई कान्पो नावाच्या जपानी चित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या, आणि पुढे होर्यूजीच्या भिंतींच्या नकला करायलाही त्यालाच बोलावलं.

त्या मूळ भिंती आता पाहता येत नाहीत. नकला करण्याचं काम चालू असतानाच, २६ जानेवारी १९४९च्या पहाटे मंदिराला आग लागली आणि रंग करपून गेले. त्या धक्क्याने जपानने पुढच्याच वर्षी, १९५०मध्ये, सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला. आपण ज्या दिवशी झेंडावंदन करतो त्याच दिवशी दर वर्षी होर्यूजीत पाण्याचे फवारे उडवून आग विझवण्याची कवायत होते. मंदिरात आता नकलांच्याच भिंती आहेत. आत अंधार, पुढे जाळी, डोळे सरावायला वेळ लागतो. म्हणूनच म्हणतो, वेळ घेऊन जा. आम्ही शाळेच्या सहलीबरोबर अजिंठा पाहिलेली माणसं. जाळीला नाक लावून उभं राहिल्यावर पाच-सहा मिनिटांनी एक चेहरा वर आला, तेव्हा मंडळी एकदम म्हणाल्या, ‘अगंबाई, ही तर आपल्याकडची!’ शेजारच्या जपानी आजींनी दचकून पाहिलं.

क्योटोच्या मुक्कामात उजीला अर्धा दिवस पुरतो, जेआरने वीस मिनिटांच्या आसपास. तळ्याकाठचं १०५३चं ब्योदोइन मंदिर दहा येनच्या नाण्यावर आहे. सगळे नाणं समोर धरून फोटो काढतात, आम्हीही काढला. हिमेजीचा किल्ला स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच, सरळ रस्त्याच्या टोकाला. आत उभे जिने आहेत, तेवढं लक्षात ठेवा. गडकोट तुडवलेल्या मराठी माणसाने तो पाहावाच, शत्रूला आत शिरल्यावर वाटा फिरवून फिरवून कसा दमवायचा ते तिथे पायाला कळतं.

सगळं गोड आहे असं सांगत नाही. लेकीकडून सकाळी आठला निघालो तेव्हा तोझाई लाइनची गर्दी पाहून डोंबिवली आठवली. ज्येष्ठांनी नऊनंतरच बाहेर पडावं. कामाकुराला रविवारी जाऊ नये, एनोदेनसाठी फलाटावर रांग लागते. मोठ्या स्टेशनांना इतकी दारं असतात की चुकीच्या दारातून बाहेर पडलात तर अर्धा तास गेलाच. शाकाहारी माणसाचे हाल आहेतच. भाजीच्या साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो, विचारूनही कळत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवायचो. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे आंबट आलुबुखारा घातलेले भाताचे त्रिकोण चालतात. निक्कोला सोयाबीनच्या दुधावरची साय मिळते, युबा म्हणतात, ती मंडळींना पनीरपेक्षा आवडली. लोकलमध्ये मात्र डबा उघडू नये. आरक्षित लांब पल्ल्याच्या गाडीत उघडावा, तिथे सगळेच उघडतात.

तेव्हा संपादक महोदय, विनंती अशी. परदेशातल्या एखाद्या स्थळावर पुरवणीत पान लावाल तेव्हा एका चौकटीत एवढं तरी द्या : कुठल्या स्टेशनावर उतरायचं, कुठल्या दाराने बाहेर पडायचं, चालत किती लांब, पायऱ्या किती, आणि हिवाळ्यात दार किती वाजता बंद होतं. ‘नयनरम्य’ आणि ‘अविस्मरणीय’ हे शब्द कमी करून जागा काढता येईल. मी वरील सगळ्या ठिकाणांच्या अशा नोंदी वहीत केल्या आहेत. उपयोग होणार असेल तर झेरॉक्स पाठवतो. फक्त छापण्यापूर्वी बंद होण्याच्या वेळा आणि भाडी एकदा ताडून घ्या, तिथेही ती बदलतात.

कळावे,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
चिपळूण